झोगचेन बौद्ध की बौद्धेतर? नाशिकमधील दोन दिवसांचा अभ्यासवर्ग

गंगापूर रोडवरील एका सभागृहात गेल्या महिन्यात शनिवारी आणि रविवारी झोगचेन या तिबेटी साधनामार्गावर अभ्यासवर्ग झाला, त्याविषयी हे लिहीत आहे. शुल्क २,४०० रुपये होते आणि त्यात दोन वेळचे जेवण, चहा, ऐंशी पानांची पुस्तिका व रविवारी सकाळी पांडवलेण्यांची भेट एवढे समाविष्ट होते. आयोजकांचे नाव लिहीत नाही, कारण पुढे काही दोष सांगायचे आहेत आणि मंडळी या कामात नवखी आहेत. वर्गाला जाण्याचे माझे कारण त्यांची जाहिरातच होती. एका पानाच्या त्या जाहिरातीत वरच्या बाजूला ‘बुद्धाची सर्वोच्च शिकवण’ असे छापले होते आणि तळाशी, जरा लहान अक्षरात, ‘कोणत्याही धर्माशी संबंध नाही’. दोन्ही विधाने एकदम खरी असू शकत नाहीत, आणि यांतले कोणते खरे ठरते हे ऐकण्यासाठी मी पैसे भरले.

नाशिकच्या श्रोत्यांपुढे हा प्रश्न हलक्या हाताने टाळता येत नाही. येवला आमच्याच जिल्ह्यातले. तेथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. इगतपुरीचे धम्मगिरी १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे भरवत आले आहे. त्रिरश्मी डोंगरावरची लेणी तर गावातून दिसतात. त्यामुळे जमलेल्या चाळीसेक मंडळींत कोणी एकमेकांना ‘जय भीम’ म्हणत आत येत होते, कोणी इगतपुरीला तीन-चार शिबिरे करून आलेले होते आणि कोणी त्र्यंबकेश्वरच्या निवृत्तिनाथांच्या वारीतले होते. प्रत्येकाजवळ खरा धर्म ओळखण्याचे आपापले माप होते आणि ते कोणीही बाहेर ठेवून आले नव्हते. वर्ग रंगला तो मुख्यतः यामुळेच.

शिकवणारे गृहस्थ मराठी आहेत, कर्नाटकातील बायलकुप्पे येथील तिबेटी वसाहतीत काही वर्षे राहून त्यांनी अभ्यास केला आहे, आणि तिबेटी ग्रंथ ते मुळातून वाचतात. पहिले सत्र चाळीस मिनिटे उशिरा सुरू झाले. माइक लागत नव्हता, मग तो लागला, मग प्रोजेक्टर लागेना. तेवढा वेळ सोडला तर पहिल्या सत्राविषयी तक्रार नाही. झोगचेन म्हणजे महापूर्णता, संस्कृतात महासंधी किंवा अतियोग. न्यिङ्मा या तिबेटी बौद्ध संप्रदायाने श्रावकयानापासून जी नऊ याने, म्हणजे साधनेचे मार्ग, मांडली त्यांतले हे नववे. चित्तवर्ग, आकाशवर्ग आणि उपदेशवर्ग असे त्याचे तीन भाग. परंपरा त्याचा उगम ओड्डियानातील गरब दोर्जे यांच्यापाशी नेते, आणि तेथून मंजुश्रीमित्र, श्रीसिंह, विमलमित्र अशी गुरुमाला आठव्या शतकातील तिबेटपर्यंत आणते. शिक्षकांनी ही गुरुमाला सांगताना ‘परंपरा असे मानते’ हे शब्द प्रत्येक वेळी उच्चारले. अशा वर्गांत हे सहसा होत नाही, म्हणून नोंदवतो.

खरी चर्चा पेटवली ती नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका काकांनी. ते पहिल्या रांगेत बसले होते आणि सत्रभर काही बोलले नव्हते. शेवटी त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, “सर, आयुष्यभर नोटा तपासल्या. खरी नोट कशी ओळखायची हे मला विचारा, मी दहा खुणा सांगेन. बौद्ध मत खरे की नकली, हे ओळखायची खूण कोणती, तेवढे सांगा. मग तुमचे झोगचेन मी स्वतःच उजेडात धरून बघतो.” वर्गात हशा पिकला, पण शिक्षक हसले नाहीत. ते म्हणाले, “काका, खूण आहे आणि तिला आपल्याकडे मुद्राच म्हणतात.” चलार्थ पत्र मुद्रणालयात नोकरी केलेल्या माणसाला याहून चांगले उत्तर मिळणे कठीण होते.

तिबेटी पंडितांच्या मते बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जाण्याने माणूस बौद्ध ठरतो आणि चार मुद्रांनी मत बौद्ध ठरते. सर्व संस्कार (कारणांनी घडलेल्या गोष्टी) अनित्य आहेत, सर्व सास्रव (क्लेशांनी डागळलेले) धर्म दुःखरूप आहेत, सर्व धर्म (येथे अर्थ वस्तुमात्र) अनात्म आहेत आणि निर्वाण शांत आहे, या त्या चार मुद्रा. शिक्षकांनी त्या फळ्यावर लिहिल्या आणि पुढचा दीड तास झोगचेन एकेका मुद्रेवर घासून पाहिले. संपूर्ण वर्गातला हा सर्वांत मोलाचा भाग होता, आणि केवळ यासाठीही मी पुन्हा २,४०० रुपये भरीन.

झोगचेनमध्ये ‘आधार’ नावाची कल्पना आहे. तो मुळापासून शुद्ध, कोणी न घडवलेला आणि आपोआप परिपूर्ण असल्याचे म्हटले जाते. यावर विपश्यनेच्या जुन्या साधक असलेल्या एका ताईंनी रोखठोक विचारले की आधार घडवलेला नसेल तर तो अनित्य नाही, अनित्य नसेल तर नित्य झाला, आणि नित्य झाला तर ब्रह्म म्हणायला काय हरकत आहे. उत्तरादाखल शिक्षकांनी धम्मपदातल्या तीन ओळी शेजारी शेजारी लिहिल्या: सब्बे सङ्खारा अनिच्चा, सब्बे सङ्खारा दुक्खा, सब्बे धम्मा अनत्ता. पहिल्या दोन ओळींत ‘संस्कार’ आहे आणि तिसरीत तो शब्द बदलून ‘धम्म’ झाला आहे, याकडे मी इतकी वर्षे त्या ओळी म्हणूनही कधी लक्ष दिले नव्हते. जे घडले आहे ते अनित्य. पण जे आहे ते सगळेच, घडलेले असो वा न घडलेले, अनात्म. निर्वाण असंस्कृत, म्हणजे न घडलेले, आहे, तरी तो कोणाचा आत्मा नव्हे. झोगचेनचा आधारही याच खणात बसतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. चौदाव्या शतकातील न्यिङ्मा आचार्य लोङछेनपा यांनी आधाराचे सार शून्यता आहे असे पुन्हा पुन्हा बजावले, ते याच कारणाने.

युक्तिवाद देखणा होता, पण पूर्ण नव्हता, आणि ताईंचे समाधान झाले नाही ते योग्यच होते. पाली ग्रंथ मानणाऱ्या स्थविरवादात असंस्कृत आहे ते निर्वाण, चित्त नव्हे. झोगचेन मात्र चित्ताचा स्वभावच असंस्कृत मानते. या दोहोंमधले अंतर शिक्षकांनी अंगुत्तर निकायातील ‘पभस्सरमिदं भिक्खवे चित्तं’ या एका वचनाच्या आधारे पार करण्याचा प्रयत्न केला. चित्त प्रभास्वर आहे आणि क्लेश आगंतुक आहेत, असे ते वचन सांगते हे खरे. परंतु पाली अट्ठकथा, म्हणजे जुन्या टीका, तेथे भवंग (जाणिवेच्या तळाशी वाहत राहणारे) चित्त असा अर्थ लावतात, आणि भवंग काही असंस्कृत नव्हे. झोगचेनकडे जाणारी खरी वाट महायानातील तथागतगर्भाच्या, म्हणजे प्रत्येक जीवात बुद्धत्व दडलेले आहे असे सांगणाऱ्या, सूत्रांमधून जाते. त्यांना वर्गात जेमतेम पंधरा मिनिटे मिळाली, तीही जेवणाआधीची, जेव्हा बाहेरून फोडणीचा वास येत होता.

आता पुस्तिकेविषयी. ती झेरॉक्स काढून शिवलेली आहे, याबद्दल काही म्हणणे नाही. मुखपृष्ठावर ‘झोगचेन’, आत ‘जोक्चेन’ आणि शेवटच्या पानावर ‘द्झोगछेन’ अशी तीन रूपे आहेत, तेही चालवून घेऊ. परंतु पान १४ वर जाड ठशात छापले आहे: ‘रिग्पा म्हणजे आपला आत्मा.’ हा दोष किरकोळ नाही. रिग्पा हा तिबेटी शब्द संस्कृत ‘विद्या’ या शब्दासाठी वापरला गेला. त्याचा उलट शब्द मारिग्पा, म्हणजे आपली अविद्या, प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्यांतली पहिली. आत्म्यासाठी तिबेटीत वेगळा शब्द आहे, ‘दाग’, आणि अनात्म म्हणजे ‘दागमे’. आठव्या-नवव्या शतकांत संस्कृत ग्रंथांची भाषांतरे करणाऱ्या तिबेटी पंडितांनी शब्द इतक्या काटेकोरपणे जुळवले होते की त्यांना हा गोंधळ झालाच नसता. मराठीत उतरताना तो झाला, आणि झोगचेन बौद्ध आहे की नाही या वादातला निम्मा वाद अशा भाषांतरांनीच उभा केलेला आहे. शिक्षकांचे लक्ष त्या ओळीकडे गेले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सर्वांना पेन काढायला लावून ‘आत्मा’ शब्दावर काट मारायला आणि शेजारी ‘बोध’ लिहायला सांगितले. चाळीस पेने एकदम कागदावर चालल्याचा तो आवाज मला बराच वेळ आठवत राहिला.

काकांनी दुसरी शंका जेवणानंतर काढली, आणि ती पहिलीपेक्षा अवघड होती. पुस्तिकेत समंतभद्राचा उल्लेख ‘आदिबुद्ध’, म्हणजे मूळचा बुद्ध, असा आहे, आणि चित्तवर्गातील ‘कुनजे ग्याल्पो’ या तंत्रात तर सर्व काही निर्माण करणारा राजा प्रथमपुरुषात बोलतो. “ईश्वराला पुढच्या दाराने बाहेर काढला आणि मागच्या दाराने घरात घेतला, असे तर नाही ना?” काकांचा रोख स्पष्ट होता. त्यांच्या पिढीने ज्या प्रतिज्ञा घेऊन धम्म स्वीकारला, त्यांत देवांना नकार सुरुवातीलाच आहे. शिक्षकांनी सांगितले की हा राजा म्हणजे बोधिचित्त, चित्ताचा स्वतःचा स्वभाव. तो जग घडवत नाही, कर्मफळ देत नाही, त्याची प्रार्थना करून काही मिळत नाही. समंतभद्र आणि सामान्य जीव यांच्यात फरक एवढाच की एकाने आपला स्वभाव ओळखला आणि दुसऱ्याने ओळखला नाही. काकांनी मान हलवली, पण “मग राजा म्हणायचे कशाला?” एवढे पुटपुटलेच. मला स्वतःला वाटते की काव्याची भाषा सिद्धान्ताच्या जागी वाचली की असे होते. परंतु ती भाषा ज्यांनी वापरली त्यांनी हा धोका पत्करला होता, हेही कबूल केले पाहिजे.

‘मार्गच नाही, करायचे काहीच नाही’ या झोगचेनच्या बोलण्यावरही आक्षेप आला. त्याला मात्र चटकन उत्तर मिळाले. प्रज्ञापारमिता हृदयसूत्रच ‘न दुःखसमुदयनिरोधमार्गा’ असे म्हणते आणि त्याला कोणी अबौद्ध ठरवत नाही. शिवाय काही करायचे नाही असे म्हणणारे न्यिङ्मा गुरू शिष्याकडून आधी एक लाख साष्टांग नमस्कार, तितकेच शरणगमन, वज्रसत्त्वाचा जप आणि मंडल-अर्पण करून घेतात. सभागृहात एक लाख हा आकडा ऐकून झालेली शांतता पाहण्यासारखी होती.

रविवारचे इतिहासाचे सत्र दमदार सुरू झाले. झोगचेनवर शंका घेणारे पहिले लोक तिबेटीच होते, हे शिक्षकांनी लपवले नाही. दहाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम तिबेटातील गुगेचा राजा येशे ओ याने झोगचेनच्या नावाखाली चाललेल्या आचारांवर कोरडे ओढणारे आज्ञापत्र काढले. त्याच घराण्यातील शिवा ओ याने १०९२ मध्ये अप्रमाण ग्रंथांची यादी जाहीर केली. तेराव्या शतकात साक्या पंडितांनी ‘चिनी पद्धतीचे झोगचेन’ अशी टीका केली. साक्या पंडितांचा मारा खरे तर काग्यु या दुसऱ्या तिबेटी परंपरेतील महामुद्रा नावाच्या ध्यानपद्धतीच्या काही प्रकारांवर होता, हे शिक्षकांनी नेमके सांगितले. चीनचे नाव मध्येच का येते, याचा धागा आठव्या शतकाच्या अखेरीस सम्ये येथे झालेल्या वादापर्यंत जातो. तेथे चिनी ध्यानपंथाचा हशंग महायान आणि भारतातून आलेले कमलशील समोरासमोर उभे ठाकले, आणि तिबेटी परंपरेनुसार कमलशील जिंकले. तेव्हापासून ‘एकदम बोध’ म्हणणारा कोणीही हशंगाचा चेला ठरवला जाऊ लागला.

पुरावा म्हणून चीनमधील दुन्हुआंगच्या गुहेतील एक हस्तलिखित पडद्यावर दाखवले गेले. ती गुहा अकराव्या शतकाच्या सुरुवातीस बंद झाली आणि १९०० मध्ये उघडली, म्हणजे आत जे सापडले ते त्याआधीचे. ‘रिग्पाचा कोकीळ’ ही सहा ओळींची रचना आणि तिचे विवरण त्यात आहे. सहा ओळींत कोणी देव नाही, आत्मा नाही. नानात्वाचा स्वभाव अद्वय आहे असे म्हणून सुरुवात होते आणि प्रयत्नाचा रोग टाकून सहज राहण्याने शेवट होतो. मागून आवाज आला, “हे तर आपल्या नाथांचे सहज!” आवाज वारकऱ्यांपैकी एकाचा होता आणि बोलणे अगदीच वावगे नव्हते. चौऱ्याऐंशी सिद्धांच्या तिबेटी यादीत मीनपा, गोरक्षपा आणि जालंधरपा आहेत, आणि गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना बोध मिळाला तो आमच्या ब्रह्मगिरीवर, असे आपण मानतो. सोयरीक आहेच, पण सोयरे म्हणून सातबारा एक होत नाही.

यानंतर वर्ग घसरला. बोन या तिबेटातल्याच वेगळ्या धर्मपरंपरेला शिक्षकांनी दहा मिनिटे दिली आणि ‘त्यांनी आपल्याकडून घेतले’ एवढे म्हणून विषय मिटवला. ‘झोगचेन बौद्धच आहे काय’ या प्रश्नाचे सर्वांत अवघड टोक नेमके येथे आहे. बोन परंपरा आपले मूळ शाक्यमुनींकडे नव्हे, तोन्पा शेनरब यांच्याकडे नेते. तिचीही नऊ याने आहेत आणि झोगचेन त्यांच्या शिखरावर आहे. झांगझुंग या प्राचीन राज्यातली मौखिक परंपरा तापिहरित्सा यांच्यापासून चालत आल्याचे ती सांगते. १४०५ मध्ये तिबेटात स्थापन झालेला मेनरी मठ आज हिमाचलातील दोलांजी येथे नव्याने उभा आहे. कोणी कोणाकडून घेतले याचा निवाडा न्यिङ्मा पंडितांच्या एका वाक्याने होणार नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर बोन साधकही शरण जातात, बोधिचित्त (येथे अर्थ सर्व जीवांसाठी बोध मिळवण्याचा संकल्प) जागवतात, शून्यता मानतात, आणि निर्वासित तिबेटी संसदेत चार बौद्ध संप्रदायांबरोबरच बोनलाही दोन जागा आहेत. माझे मत असे झाले की झोगचेन बौद्ध आहे, कारण चारही मुद्रांवर ते टिकते, भले तिसरीवर घाम गाळून; परंतु ते फक्त बौद्धांचेच आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणाला पोहोचत नाही. जाहिरातीतले ‘कोणत्याही धर्माशी संबंध नाही’ हे तर धडधडीत खोटे आहे. शरणगमन, बोधिचित्त आणि गुरू वजा केले तर उरते ती दुपारची डुलकी.

पांडवलेण्यांची भेट ‘प्राचीन ऊर्जेचा अनुभव’ म्हणून ठेवली होती. लेणी क्रमांक तीनमध्ये डोळे मिटून बसायला लावले, आणि माहिती सांगणाऱ्या तरुणाने ही झोगचेन साधकांची ध्यानस्थाने असल्याचे ठोकून दिले. तसा कोणताही पुरावा नाही. ते लेणे गौतमी बलश्रीने भद्रायनीय निकायाच्या भिक्षूंना दिल्याचे तेथेच भिंतीवर कोरलेले आहे. दाखवायचेच होते तर वीस क्रमांकाचे लेणे दाखवायला हवे होते. यज्ञ सातकर्णीच्या सातव्या राज्यवर्षाचा लेख त्यावर आहे आणि आत गर्भगृहात पुढच्या महायान काळातली भव्य बुद्धमूर्ती आहे. मूळ विहारात मूर्ती नव्हती. नंतरच्यांनी खडक आणखी आत खोदला आणि ती घडवली. काका तिथे बराच वेळ थांबले होते, मूर्तीकडे नव्हे तर भिंतीकडे पाहत, जिथे छिन्नीचे जुने आणि नवे घाव वेगळे दिसतात.

जेवण चांगले होते. मटकीची उसळ, पोळी, वरण-भात, काकडीची कोशिंबीर, आणि वाढणारे आग्रह करत नव्हते. खुर्च्या प्लास्टिकच्या होत्या, दुसऱ्या दिवशी पाठ बोलू लागली. प्रसाधनगृह एकच असल्याने मध्यंतर नेहमी लांबले. शेवटच्या तासात मात्र १८,००० रुपयांच्या पुढील निवासी शिबिराचा अर्ज हातोहात वाटला गेला आणि त्यात ‘इंद्रधनुष्य देहाकडे पहिले पाऊल’ असे छापले होते. साधकाचा देह मृत्यूसमयी प्रकाशात विरतो अशी ही कल्पना; शिक्षकांनी दोन दिवसांत तो विषय स्वतःहून काढला नव्हता. थोगल या झोगचेनमधील प्रगत साधनेविषयी विचारले असता त्यांनी ‘ते गुरूजवळ, वेळ आल्यावर’ म्हणून नम्रपणे नकार दिला होता. अर्ज वाटला गेला तेव्हा ते बाहेर चहा घेत होते.

पाचपैकी साडेतीन गुण देतो; तीन शिक्षकांचे, अर्धा उसळीचा. ज्यांना शांत बसायला शिकायचे आहे त्यांनी इगतपुरी गाठावी, तेथे शुल्कही नाही. ज्यांना वाद ऐकायचा आणि करायचा आहे त्यांनी या वर्गाला जरूर जावे, पहिल्या रांगेत बसावे आणि बोनविषयी प्रश्न लिहून न्यावा. आयोजकांना मी पुस्तिकेतील चुकांची यादी पाठवली, त्यावर ‘पुढच्या आवृत्तीत पाहू’ असे उत्तर आले आहे. तेव्हा पुस्तिका हाती पडताच आधी पान १४ उघडावे, आणि पेन बरोबर असू द्यावे.